लाल वर्तुळ

“हात कधीपासून थरथरतो?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“दोन-तीन वर्षं. वयोमान, दुसरं काय!” मायक्रॉनकाका म्हणाले. कारखान्याच्या टूलरूममध्ये केसाएवढ्या फरकासाठी ते अख्खा माल परत पाठवत; कामगारांनी ठेवलेलं हे नाव निवृत्तीनंतर घरापर्यंत आलं होतं.

“वयोमान नाही. नातवाचं बोलणं, शिकणं ज्या जनुकामुळे अडलंय, त्यातलाच हा बिघाड. तुमच्यात तो अर्धवट आहे. तुमच्याकडून मुलीत आला आणि तिच्याकडून नातवाकडे जाताना वाढला. मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या घडवायला लागणारं प्रथिन त्याच्यात जवळजवळ तयारच होत नाही.”

“जावयांच्या बाजूनं काही...?”

“काहीच नाही.”

शेजारी बसलेली मुलगी एवढंच म्हणाली, “बाबा, तो तक्ता?”

सहा वर्षांपूर्वी, नातू बोलेना तेव्हा, काकांनी आलेखाच्या कागदावर जावयांच्या चार पिढ्या शाईने आखल्या होत्या. विहीणबाईंचा दिवंगत भाऊ उशिरा बोलायला लागला होता, शाळेतही टिकला नव्हता. त्याच्याभोवती लाल वर्तुळ. पाहुण्यांदेखत त्यावर बोट ठेवून काका म्हणाले होते, “दोष इथे आहे.” स्वतःच्या घराण्याचाही तक्ता आखावा, हे त्या चोख माणसाच्या मनाला शिवलं नव्हतं.

“सासूबाईंना मी सांगते, बाबा.”

“नको. मीच जातो.”

विहीणबाई वाटाणे सोलत होत्या. “या, बसा. आज फूटपट्टी नाही आणली?”

काका खुर्चीच्या कडेवर टेकले. “विहीणबाई, दोष माझ्याकडून आलाय. तपासणीत निघालं. तुमच्या भावाचा काडीचाही संबंध नाही. मला... तोंड दाखवायला जागा नाही.”

शेंगा सोलणारी बोटं थांबली. “त्याला ऐकू कमी यायचं हो. म्हणून उशिरा बोलला.”

“तेव्हा बोलला नाहीत?”

“तुम्ही विचारलंत कुठे? आणि मलाही वाटलं, एवढा शिकलेला माणूस कागदावर मांडून सांगतोय, तर असेल. सहा वर्षं सुनेच्या नजरेला नजर दिली नाही मी. नातवाला जवळ घेतानाही चोरट्यासारखं वाटायचं.”

विहीणबाई आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. परतल्या तेव्हा हातात एका तरुणाचा फोटो होता. काच त्यांनी तळहाताने पुसली.

“जरा उठता का? याचा जुना खिळा तुमच्या मागे आहे.”

काका उठले. फोटो भिंतीवर लागला. विहीणबाई पुन्हा वाटाणे सोलायला बसल्या, खुर्चीकडे बोट दाखवून “बसा ना,” म्हणाल्या. काका उभेच राहिले.