पाठीवरचे बिऱ्हाडकरू

मित्रांनो, मी एक जुनी कवळी आहे. दिल्लीतल्या द्वारका भागात राहणाऱ्या अण्णासाहेबांच्या तोंडात माझी हयात गेली. माझी ताकद विचारूच नका. एकदा मी अक्रोड फोडला, तर वरच्या मजल्यावरची माणसं भूकंप झाला म्हणून जिना उतरून खाली आली. अण्णासाहेब ही हकिकत बागेत सांगत आणि मी फुशारून ऐकत असे.

पुढचं मात्र सांगायची लाज वाटते. मान नाही मला, नाहीतर खाली घातली असती.

अण्णासाहेबांची बायको कुमुदताई गेल्यावर घरात राहिले अण्णासाहेब, मुलगा आणि सून स्वरूपा. सुनेला आपलं बोळकं तोंड दिसणं म्हणजे अण्णासाहेबांना चारचौघांत धोतर सुटल्यासारखं वाटे. म्हणून ते मला रात्रीही काढत नसत. मला वाटे, केवढा हा मान! आणि तिकडे माझ्या पाठीवर, टाळूच्या बाजूला, जंतूंनी बिऱ्हाड थाटलं. अंगावर बुळबुळीत थर ओढून ते आत निवांत बसले. टाळूला जखम झाली.

तेवढ्यात अण्णासाहेबांच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. डॉक्टरांनी बजावलं, आधी तोंड बरं करा, नाहीतर तिथले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतील. औषधं बदलून पाहिली, जंतू दाद देईनात. रात्री कवळी पाण्यात ठेवा, असंही सांगितलं होतं. अण्णासाहेब उशाशी पाण्याची वाटी ठेवत, पण मी तोंडातच.

एका पहाटे त्यांना धाप लागली. स्वरूपा धावत आली आणि तिला वाटीत नुसतं पाणी दिसलं.

"अच्छा! अण्णा, वाटीत पाणी झोपवता होय?"

अण्णासाहेबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "तुझ्यासमोर कशी काढू?"

"मी लॅबमध्ये दिवसभर जंतूच बघते. माझ्यापुढे कसली लाज? द्या इकडे."

त्यांनी डोळे मिटून मला तिच्या हातावर ठेवलं.

मुनिरक्याजवळच्या तिच्या प्रयोगशाळेत माझी पाठ खरवडली गेली. ते बिऱ्हाड तबकडीत वाढवून तिने त्यावर औषध घातलं, तर ते छत्रीवरच्या पाण्यासारखं ओघळून गेलं. मग तिने चांदीचे कण सोडले. इतके बारीक, की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. ते थरात शिरले, थर फाटला, आणि त्याच औषधाने जंतू आडवे झाले. मी म्हटलं, सुटले!

पण स्वरूपाने तिथूनच घरी फोन लावला. "अण्णा, हे अजून तबकडीतच जमलंय. तोंडात वापरायला बराच अवकाश आहे. तोवर तुम्ही औषध घ्या आणि कवळीशिवाय राहा, म्हणजे जंतूंना दडायला जागाच उरणार नाही. सगळ्यांसमोर."

ते राहिले. मऊ भात खाल्ला, पाहुण्यांशी बोबडं बोलले. जखम भरली, झडपही बदलली. ऑपरेशनला नेताना अण्णासाहेब तिच्याकडे बघून तोंडभर हसले, असं तिने प्रयोगशाळेत मला ठेवलेल्या बरणीशेजारी उभं राहून मैत्रिणीला सांगितलं. त्यांची अब्रू मीच राखते, असं मी जन्मभर समजत होते.

मित्रांनो, घरात कोणाची कवळी असेल तर ती रोज रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायला सांगा. आणि ते ती काढत असतील तेव्हा उठून जाऊ नका. त्यांच्याशी बोलत बसा.