माऊलीच्या लेथमागचा फ्लेक्स

खंडेनवमीच्या सकाळी तनुजा चिकलठाण्याच्या वर्कशॉपमध्ये शिरली तेव्हा माऊलीचा लोखंड कातायचा लेथ झळाळत होता. डिझेलच्या बोळ्यानं पुसून झाला होता, झेंडूची माळ घालून झाली होती, तरी माऊलीचं घासणं संपत नव्हतं.

"पोरा, लई नको चोळू," फोरमन कडुबामामा म्हणाले. "नवरी न्हाय ती, मशीन हाय."

सगळे हसले. माऊलीही हसला.

तुरुंगातून सुटलेल्या पोरांना काम मिळवून देणाऱ्या संस्थेत तनुजा होती. माऊलीला इथं तिनंच आणलं होतं. आधी झाडलोट, मग हेल्परी, आणि गेल्या महिन्यात मामांनी त्याच्या हाती लेथ दिला. या वर्कशॉपची रीत होती की ज्याच्या हातात मशीन, त्याच्या घरच्या बाईनं ते ओवाळायचं. माऊलीनं फोन करून सांगितलं होतं, "ताई, आई करमाडहून येतीय. लोकं मला लेथवाला म्हणत्याल आता."

एवढंच हवं होतं त्याला.

तेवढ्यात दोघं जण शिडी घेऊन आले आणि लेथमागच्या भिंतीवर फ्लेक्स टांगून गेले. माऊलीचा हात बोळ्यासकट थांबला. फ्लेक्सवर त्याचा मोठा फोटो होता आणि खाली लाल अक्षरं: 'गुन्हेगारीकडून परिश्रमाकडे. एका कैद्याला माणूस बनवणारा उद्योग.'

तनुजा सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेली.

"शिवराजशेठ, तो फ्लेक्स काढा."

"का हो मॅडम? फोटो तर झकास आलाय. पाहुणे येणारेत, पेपरवाले येणारेत."

"माऊली गुन्हेगार नव्हता. मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तारेच्या चोरीत भलत्याच पोराला उचललं, खरे चोर नंतर सापडले. कोर्टानं त्याला निर्दोष ठरवलं."

"पण आत होता ना तीन वर्षं?"

"खटला चालेपर्यंत. जामिनाला कुणी उभं राहिलं नाही म्हणून."

"तेच तर! एवढं बारीक लोकांना कुठं कळतंय?" शिवराजशेठ समजुतीच्या सुरात म्हणाले. "आणि खरं सांगू का, निर्दोष लिहिलं तर मी कसली मदत केली? निर्दोष पोराला तर कुणीही कामावर ठेवंल."

कुणीही? याच औद्योगिक वसाहतीत तनुजा माऊलीला घेऊन दारोदार फिरली होती. कोर्टाचा निकाल दाखवला की लोक तो वाचायचे, घडी घालून परत द्यायचे आणि कळवतो म्हणायचे. न केलेल्या चोरीपायी त्या पोराची तीन वर्षं गेली. आता त्यानं उभं राहून ती चोरी केल्याचं कबूल करायचं, म्हणजे या शेठला माणूस बनवल्याचं श्रेय मिळणार!

"तुम्ही त्याला माणूस बनवलं नाही," ती म्हणाली. "कामावर ठेवलं. त्यानं काम केलं. हिशेब तिथंच संपतो."

"पाहुणे आले, मॅडम," म्हणत शेठ उठले.

बाहेर मशीनं ओवाळून होत आली होती. माऊलीची आई, वच्छलाबाई, ताट घेऊन लेथपाशी उभी होती. नवं लुगडं, कपाळभर कुंकू. लेकाचा फोटो बघून तिचा चेहरा फुलला होता.

"काय लिवलंय रं?"

माऊली खाली बघत राहिला.

"ताई, तुमी वाचा," वच्छलाबाई तनुजाला म्हणाली.

तनुजानं वाचलं. एकही शब्द गाळला नाही.

वच्छलाबाईनं निरांजन फुंकून विझवलं. लेथपुढं फरशीवर बसकण मारली आणि ताट मांडीवर घेतलं.

"ह्ये उतरवा. मग ववाळते."

"अहो मावशी, कौतुक आहे ते," शेठ हसत म्हणाले. "मामा, तुम्ही फोडा नारळ."

कडुबामामांनी हातातला नारळ खाली ठेवला. "एक मशीन बिनववाळलेलं राहिलं तर नारळ फुटत नसतो, शेठ. तुमच्या वडलांपासूनची रीत हाय."

"मग दुसरं कुणीतरी ओवाळा!"

आरत्या घेऊन उभ्या असलेल्या बायांपैकी एकही हलली नाही. एक पाहुणा घड्याळ बघू लागला. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

"काढा," शेठ दातांतून म्हणाले.

शिडीवर माऊली स्वतः चढला. फ्लेक्स खाली पडताच वच्छलाबाईनं निरांजन पुन्हा पेटवलं, मशीनला कुंकू लावलं, लेकाला लावलं. नारळ फुटला.

"हाच का तो पोरगा?" पाहुण्यानं हळूच विचारलं.

"कोणता?" मामा म्हणाले. "ह्यो आमचा लेथवाला."

मग वच्छलाबाई फ्लेक्सकडे वळली. "फोटू मातर ग्वाड आलाय. तेवढा द्या कापून, घरी लावते." मामांनी कटर काढला आणि फोटो कापून दिला. लाल अक्षरं कचऱ्याच्या पिंपात गेली.

तनुजा निघाली तेव्हा शेठ फाटकापाशी होते.

"मॅडम, तुमच्या संस्थेची ती पुढची दोन पोरं. दिवाळीनंतर घेणार होतो ना? आता जमणार नाही."

"का?"

"तुमच्या लोकांना उपकाराची जाणीव नसते."

आत कुणीतरी माऊलीला पेढे वाटायला हाका मारत होतं. "ए लेथवाल्या!"

"नसतेच," तनुजा म्हणाली आणि शेजारच्या कारखान्याचं फाटक ठोठावलं.