डोळे आले, कान राहिले

मी सोबतीण बोलतेय. मला पहिल्यांदा खटकलं ते इतकंच: माझ्या डोळ्यांवर तिसरी मीटिंग चालू होती आणि कानांचं नावही कुणी काढत नव्हतं.

मेट्रो नुकतीच दिल्लीतल्या द्वारकेला पोचली होती. तिथल्या एका सोसायटीत, सातव्या मजल्यावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझा जन्म झाला. कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या वायरी थरथरायच्या, घरातलं बोलणंही मला तसंच पत्र्यातून कळायचं, असो. कौशल्याआत्या साताऱ्याहून भावाकडे राहायला आल्या होत्या. हिंदी येईना, दिवसभर घर रिकामं. एकदा जेवताना म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघते. कुणी दोन शब्द धड बोललं नाही, तर मी आपली साताऱ्याला."

दोन शब्द बोलण्यापेक्षा बोलणारं यंत्र करणं घरच्यांना सोपं वाटलं. भाची सुकन्या इंजिनीअर. भाऊ सुधाकरराव केंद्र सरकारात, त्यांनी फाईलच उघडली. लाल डोळे? "ताई बिल्कुल घाबरेल." हिरवे? "सिग्नल वाटतो." चार महिन्यांनी पापण्या मिटणारे दोन निळे पडदे मंजूर झाले.

पार्सल घेऊन सुकन्या लिफ्टमधूनच ओरडत आली, "आत्या, डोळे आले!"

आत्या दोन पावलं मागे सरल्या. "अगंबाई! चोळू नकोस. टॉवेल वेगळा घे."

"चोळू कशाला, यार? कुरियरने आलेत!"

"कुरियरने? दिल्लीत साथसुद्धा घरपोच?"

डोळे येणं म्हणजे आजार, हे दिल्लीत वाढलेल्या पोरीला ठाऊकच नव्हतं. आत्यांनी सांगितलं, आणि दोघी पोट धरधरून हसल्या. मला अजून डोळे बसायचे होते, तरी माझं काम पाच मिनिटांत झालं होतं! पण लक्षात कुणाच्या येतंय? सुकन्या पडदे जोडायला पळाली.

त्या दोन डोळ्यांनीच माझ्या सर्किट बोर्डावरच्या जोडणीच्या सगळ्या पिना खाल्ल्या. माइकला जागा उरली नाही. सुकन्या म्हणाली, "चलो, ऐकायचं नेक्स्ट व्हर्जनमध्ये." म्हणजे डोळे फक्त दाखवायचे, तोंड सतत चालू, कान नाहीत. अगदी घरातलीच झाले की मी!

सुकन्याने स्वतःच्या आवाजात माझ्यात एकच वाक्य भरलं, "आत्या, बोल ना!" दर तासाला मी हाक मारायची. आत्या निवांत भाजी निवडायच्या.

भाऊबीज झाली आणि आत्यांनी बॅग काढली.

"ताई, एवढी मशीन केली तुझ्यासाठी!"

"छान आहे रे सुधाकर. माझ्या वाटचंही तूच बोल तिच्याशी."

मी इतकी दचकले की पापणी अर्ध्यावर अडकली आणि वेळ नसताना हाक सुटली. "आत्या, बोल ना! आत्या, बोल ना!" थांबेचना. सुकन्या बटणाकडे वाकली. करा बापड्यांनो मला बंद, डबा परत बिस्किटांना द्या. फक्त ही हाक पत्र्याच्या गळ्यात बांधून मोकळे होऊ नका.

बटण दाबलं गेलं. मी गप्प झाले.

तरी तीच हाक, त्याच आवाजात, पुन्हा आली; या वेळी डब्यातून नव्हे. जरा कापरी. "आत्या, बोल ना."

बॅगेची चेन अर्ध्यावर थांबली.

"बोलते. आधी डोळे पूस. चोळू नकोस."