लोखंडी कपाटाचं वनस्नान

रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीवर अर्धं शहर झाडांना मिठ्या मारून उभं होतं. बँकेच्या मॅनेजरबाई होत्या, औषधांच्या दुकानाचा मालक होता, आणि कोर्टात एकमेकांचं तोंडही न बघणारे दोन वकील एकाच बुंध्याला दोन बाजूंनी बिलगले होते. सगळ्यांचे डोळे मिटलेले, पाय अनवाणी. बूट घालून आणि डोळे उघडे ठेवून मी एकटाच उभा होतो, कारण मी तिथे फक्त थोरल्या भावाचा ड्रायव्हर म्हणून गेलो होतो. खरं तर मी गाडीतच बसणार होतो, पण दादा म्हणाला, "एकदा बघ तरी, मग बोल."

"झाडाकडे काही मागू नका," गुरू लाउडस्पीकरवरून सांगत होते. "झाडाला द्या. तुमचा ताण द्या, तुमचा रक्तदाब द्या. मुळं तो जमिनीत सोडून देतील. घरातल्या विजेला अर्थिंग असतं ना? तसं हे शरीराचं अर्थिंग. जपानमध्ये याला शिनरिन-योकू म्हणतात. वनस्नान. तिथले डॉक्टर गोळी लिहून देतच नाहीत, झाड लिहून देतात."

लोक त्यांना वनगुरू म्हणत. मी मनातल्या मनात झाडबुवा म्हणत असे. पूर्वी ते घरोघर फिरून पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचे. त्यातलं एक आमच्याकडे आहे आणि ते अजून गळतं.

पण खरा चमत्कार पुढेच होता. वनाच्या मधोमध एक जुनं, जाड बुंध्याचं झाड होतं. त्याचं नाव मातृवृक्ष. चढण चढून आल्या आल्या फाटकापाशी प्रत्येकाचा रक्तदाब मोजला जाई, मग मातृवृक्षाला मिठी, मग त्याच्या मुळाशी चटईवर झोपायचं, आणि उठायच्या आधी पुन्हा मोजायचा. दादाची पाळी आली. फाटकाशी त्याचा वरचा आकडा एकशे ब्याण्णव होता. झाडाखाली एकशे चोपन्न झाला.

"अडतीस," झाडबुवा गर्जले. "अडतीसचा दाब मातेने पिऊन टाकला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दादा चटईवरून असा उठला की जणू त्याने स्वतःच काहीतरी जिंकलं होतं.

परत येताना गाडीत त्याने मला हळूच सांगितलं, "महिना झाला, गोळी बंद केली मी. एकदम मस्त वाटतंय. काही त्रास नाही."

मी ब्रेक दाबता दाबता राहिलो. "डॉक्टरांना विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं? गोळी म्हणजे कुबडी, पाय धड झाल्यावर कुबडी कशाला? आणि माझ्यावर विश्वास नसेल तर मशीनवर ठेव. मशीन खोटं बोलतं का?"

मी नुसता चिडून घरी आलो.

दादाला तसा कुणी भोळा म्हणणार नाही. आमचं फर्निचरचं दुकान आहे. खरेदी आणि वरच्या मजल्यावरचं गोदाम माझ्याकडे, विक्री दादाकडे. गिऱ्हाइकासमोर फळीवर टकटक करून "आवाज ऐका, अस्सल आहे" म्हणावं तर दादानेच. असा माणूस एका झाडापुढे डोळे मिटून उभा राहतो, याचं मला हसूही येत होतं आणि रागही.

हसू त्या दिवशी संध्याकाळी संपलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "भावजी, तुम्ही त्यांच्याशी भांडू नका. भांडलात की ते आणखी हट्टाला पेटतात. पण काहीतरी करा." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मामंजी एका बाजूने लुळे पडले ते याच आजारानं. तेही म्हणायचे, मला काही होत नाही. त्यांना शेवटपर्यंत मी भरवलंय. आता ह्यांना भरवायची ताकद माझ्यात नाही."

मला बाबांचा तो वाकडा झालेला ओठ आठवला. मी दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

या आमच्या घरच्या डॉक्टर. बोलणं तिखट, पण हाताला गुण आहे असं लोक म्हणतात. तसं म्हटलं की त्या चिडतात. गुण औषधाला असतो, हाताला नव्हे, म्हणतात. मला वाटलं होतं, त्या झाडबुवांना शिव्या देतील. त्यांनी तसं काहीच केलं नाही.

"फाटकाशी मोजतात तेव्हा माणूस बसलेला असतो का उभा?" त्यांनी विचारलं.

"उभा. चढण चढून आलेला."

"हात?"

"खाली लोंबता."

"आणि गप्प असतो का?"

"छे. बुवा तेव्हाच विचारतात, घरी सगळं ठीक ना, मुलगा ऐकतो का, सून नीट वागते का. माणसं भडाभडा बोलतात."

"आणि झाडाखाली?"

"पडून असतो. हात वर एका मुळावर ठेवायला लावतात. बोलायचं नाही. हलायचं नाही."

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे रेलल्या आणि मनापासून हसल्या. "हुशार माणूस आहे हो तुमचा बुवा. दम लागलेला असताना, उभ्याने, हात खाली सोडून आणि सुनेच्या कागाळ्या सांगताना मोजला तर कुणाचाही आकडा चढतो. आडवं करून, शांत ठेवून, हात छातीपेक्षा वर ठेवून मोजला तर उतरतो. मशीन दोन्ही वेळा खरंच बोलतं. पण दोन वेळा दोन वेगळे प्रश्न विचारलेत ना तुम्ही."

"हे दादाला सांगा."

"सांगून पटलं असतं तर जगात बुवा उरले नसते. त्याला दाखवावं लागेल." त्यांनी विचार केला. "तुमचं गोदाम कितव्या मजल्यावर आहे?"

पुढच्या रविवारी टेकडीवर फांद्या छाटायचं काम निघालं आणि वन बंद राहिलं. ही संधी मी सोडली नाही. दादाला म्हटलं, आपल्या गोदामात एक कपाट आलंय, माझा स्वतःचा दाब त्याच्याशेजारी बसून उतरला, तुझ्या मंडळींना बोलाव. खोटं बोलणं माझ्या जिवावर आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते एकाच अटीवर चालवून घेतलं: लोक घरी जायच्या आधी त्याच खोलीत सगळं खरं सांगायचं. दादा खूश झाला. धाकटा भाऊ वठणीवर आला असं त्याला वाटलं असावं. त्याने झाडबुवांनाही बोलावलं.

लिफ्ट बंद, अशी पाटी मी खाली लावली. ज्यांना छातीचा किंवा दम्याचा त्रास होता त्यांना डॉक्टरीणबाईंनी खालच्या सोफ्यांवरच थांबवलं. बाकीची मंडळी जिने चढून धापा टाकत वर आली. दारातच मी रक्तदाबाच्या मशीनचा पट्टा घेऊन उभा. "हात खाली सोडा. काय म्हणते नोकरी? साहेब अजून तसाच का?" मॅनेजरबाई साहेबाबद्दल बोलायला लागल्या आणि आकडा भराभर चढला. वकिलांना मी एकमेकांबद्दल विचारलं. तिथे तर मशीनची मला काळजी वाटली. दादाचा आकडा एकशे नव्वद आला.

गोदामाच्या टोकाला कपाट उभं होतं, गडद तपकिरी, अंगावर लाकडाच्या सुरेख रेषा. "डोळे मिटा," मी लाउडस्पीकरशिवायच गर्जलो. "या लाकडाला शेकडो पावसाळे ठाऊक आहेत. त्याला तुमचा दाब द्या." एकेक जण कपाटाला बिलगू लागला. मग मी त्यांना विक्रीच्या गाद्यांवर झोपवलं, हाताखाली उशांची चळत दिली आणि सांगितलं, बोलायचं नाही.

"थोडं गार लागतंय," औषधदुकानदार मिठी मारल्या मारल्या पुटपुटला.

मी उत्तर शोधतोय तोवर झाडबुवाच पुढे सरसावले. कपाटावर दोन्ही तळवे टेकवून ते म्हणाले, "हा वनाचा गारवा आहे. झाड कापलं तरी मरत नाही. आत्मा फळीत उतरतो. मला इथे मातृवृक्षाइतकीच स्पंदनं जाणवताहेत." आणि दादाच्या कानात, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने, "आपण असे पलंग काढू या. वनस्नान पलंग."

मी पुन्हा आकडे घेतले. सगळ्यांचे उतरले. दादाचा एकशे पंचावन्न. टाळ्या वाजल्या, टेकडीवर वाजल्या तेवढ्याच.

"दादा," मी म्हणालो, "गिऱ्हाइकासमोर करतोस तसं जरा टकटक करून बघ."

दादा हसत पुढे झाला आणि बोटांनी फळीवर ठोकलं. पत्र्याचा खणखण आवाज आला. त्याने पुन्हा ठोकलं. मग त्याने नखाने कडा खरवडली, आणि लाकडी रेषांचा तो कागद एका बाजूने सुटून हातात आला. खाली राखाडी लोखंड होतं. नमुना म्हणून त्याच आठवड्यात कारखान्यातून आलेलं, पत्र्याला लाकडाचा छाप चिकटवलेलं ऑफिसचं कपाट.

मग मागून एक वकील म्हणाला, "म्हणजे आपण लोखंडाला मिठी मारली," आणि दुसरा वकील आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी सहमत झाला.

"लोखंडही धरणीमातेच्याच पोटातलं," झाडबुवा घाईघाईने म्हणाले. "स्पंदनं तर..."

"स्पंदनं राहू द्या," डॉक्टरीणबाई कोपऱ्यातल्या खुर्चीतून उठल्या. इतका वेळ दादा त्यांची नजर चुकवत होता. त्यांनी जिना, उभं राहणं, लोंबता हात, कागाळ्या, गादी, उशी असं एकेक सांगितलं आणि तिथल्या तिथे मॅनेजरबाईंवर करून दाखवलं. हात खाली सोडला, आकडा चढला. हात उशीवर ठेवला, उतरला. झाड नाही, कपाट नाही, नुसता हात. तेव्हा झाडबुवा दाराकडे सरकू लागले. लिफ्ट चालू आहे, असं मी त्यांना सांगितलं.

दादा मात्र कपाटासमोरच उभा होता, हातात तो कागदाचा तुकडा घेऊन. मला त्याची दया आली. तरी मी बोललोच.

"दादा, सेलच्या आधी आपण काय करतो?"

त्याने मान वर केली नाही. "किंमत वाढवून ठेवतो."

"आणि मग?"

"मग तीच कमी करतो. लोक सूट बघतात." तो थांबला. "मूळ किंमत कुणी विचारत नाही."

मग तो डॉक्टरीणबाईंकडे वळला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर, माझा खरा किती?"

त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर. सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं आणि बराच वेळ तसंच बसू दिलं. मग पट्टा बांधला. थोड्या वेळाने पुन्हा एकदा बांधला. दोन्ही वेळा आकडा एकशे सत्तरच्या पुढे आला.

"पण मला काहीच होत नव्हतं," दादा म्हणाला.

"दाब दुखत नाही. हीच त्याची वाईट खोड," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोकं दुखावं तसा दुखला असता तर तुम्ही पहिल्याच दिवशी धावत आला असता."

त्यांनी लगेच नवी तपासणी सांगितली आणि गोळी आजपासूनच सुरू करायला लावली. दादा "आता घरी गेल्यावर..." म्हणेपर्यंत, मंडळींबरोबर वर आलेल्या वहिनींनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली होती. महिनाभर ती त्यांनी जिथे जातील तिथे जवळ बाळगली होती आणि आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. दादाने गोळी घेतली आणि पाणी प्यायला. वहिनी तिथेच एका गादीवर बसल्या आणि रडू लागल्या. दादाला सगळ्यांदेखत काय करावं कळेना. तो त्यांच्याशेजारी बसून राहिला.

मंडळी खाली उतरताना मॅनेजरबाईंनी डॉक्टरीणबाईंना जरा रागानेच विचारलं, "म्हणजे वनस्नान थोतांडच म्हणायचं?"

"कोण म्हणतं? मी रोज सकाळी त्याच टेकडीवर जाते. झाडांत सावकाश चालावं, पानं बघावी, पाखरं ऐकावी, फोन घरी ठेवावा. मन शांत होतं, झोप चांगली लागते. जपानी लोकांनी एवढंच सांगितलंय आणि ते चांगलंच आहे. गोळ्या फेकून द्या हे त्यात बुवाने घातलं."

आता दादा डॉक्टरीणबाईंबरोबर टेकडीवर जातो. मीही जातो, ड्रायव्हर म्हणून नाही. परवा वाटेत एक ओळखीचे गृहस्थ भेटले. त्यांनी विचारलं, "काय, आज किती उतरला?" दादा म्हणाला, "इथे मोजत नाही हो. मोजायचं ते घरी, निवांत बसून. इथे नुसता चालतो. गोळी घेऊन आलोय." आणि तो पुढे गेला.

तुम्हालाही एवढंच सांगायचं आहे. झाडाखाली जरूर बसा, ते फुकट आहे आणि सुखाचं आहे. पण कुणी काही उतरवून दाखवलं तर टाळ्या वाजवायच्या आधी विचारा की आधी कसं मोजलं होतं आणि नंतर कसं. तीच गोष्ट झाडाशिवाय करून बघा. औषध बंद करायचं का, हे झाडाला, बुवाला किंवा मलाही विचारू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. चारचौघांत फजिती झालेली असताना दादाने 'माझा खरा किती' असं विचारलं, म्हणून ही गोष्ट मी हसत सांगतो आहे. लाजेने न विचारता तो तसाच जिना उतरून गेला असता, तर आज वहिनी त्याला भरवत असत्या.