देव दाराशी उभा

"नलू, ही तबकडी जिथं वाजन, तिथं शेवटचं कडवं तू म्हणजो. देवाले असं ताटकळत नोको ठिवू."

कुंताबाई देवाघरी जाताना एवढंच बोलल्या होत्या, आणि नलूबाईंनी तुळशीवर हात ठेवून होकार दिला होता. वचन पाळायला सोपं होतं, कारण कुंताबाईंच्या भजनाची ती ग्रामोफोनची तबकडी वाजणारच नव्हती. दोघींनी आर्वीच्या घराघरांतून तबकड्या मागून आणून, हळदकुंकू वाहून वर्धा नदीत सोडल्या होत्या.

तबकडीत भजन अर्धवट राहिलं होतं, आणि चूक म्हटली तर रीतीचीच. भजन कुंताबाईंनीच रचलेलं. देव राऊळातून निघतो, कपाशीच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं चालत दाराशी येतो, आणि शेवटच्या कडव्यात त्याला पाटावर बसवायचं. पण दोघींच्या भजनी मंडळाचा रिवाज असा, की भजन चालू असताना जो आत येईल त्याचं स्वागत गाण्यातूनच करायचं. नागपूरला रेकॉर्डिंगच्या खोलीत कंपनीचा माणूस 'बाई, आटपा' असं खुणवायला आला, तर कुंताबाईंनी त्यालाच सुरात 'या, बसा' म्हटलं. तो घाबरून साहेबांना घेऊन आला. साहेबांचंही स्वागत झालं. मागून चहावाला आला. तेवढ्यात तबकडीवरची जागा संपली. सगळे बसले, देव तेवढा उभा राहिला.

आज नलूबाईंची सोमवारची पूजा आटोपते न आटोपते, तोच पुण्याचा भाचा धनंजय दारात. काखेत मोठं चौकोनी पाकीट.

"मामी, पाह्य काय आणलं!"

पाकिटावर कुंताबाईंचं चित्र. नऊवारी तीच, चेहरा मात्र जांभळा.

"हे काऊन छापलं रे?"

"अवो, लोक येडे झाले याच्यापायी! पुलगावच्या एका कबाड्याकडं एकच जुनी तबकडी सापडली. तिच्यावरून आमच्या जुनी गाणी जमवणाऱ्या ग्रुपनं नव्या काढल्या. जर्मनीत ऐकून राह्यले लोक! बाकीच्या जुन्या कुठं गेल्या, कोणालेच पत्ता नाई."

नलूबाईंनी पदर सारखा केला. नदीला पत्ता होता.

धनंजयने पाकिटामागचा मजकूर मोठ्यानं वाचला. 'गायिका अज्ञात आत्म्यांना एकेक करून आसन देते, आणि अवचित तुटणारा शेवट म्हणजे निर्गुणाचं मौन.'

"आत्मे कुठले रे बापा, कंपनीची माणसं होती ती. अन् मौन नाई, जागा सरली होती."

"मामी, हात जोडतो, हे कोणाले सांगू नोको! त्या शेवटावरच तर सगळं हाये. आज दुपारी पुलगावले हॉलमंधी ऐकवून राह्यलो मी. नागपूरचे शौकीन येतेत. शेवट झाला का कोणी हलाचं नाई, खोकलाचं नाई. तू चाल ना, गाडी हाये."

नलूबाईंनी पाकिटावरच्या कुंताबाईंकडे पाहिलं. जन्मभर त्या मागच्या रांगेत टाळ धरून बसलेल्या. एकटीनं कधी ओळ उचलली नव्हती. आणि भाच्याचं तोंड तर आनंदानं कसं फुललेलं! चारचौघांत त्याची फजिती करायची, की तुळशीवरचा हात खोटा पाडायचा?

जर्मनीला एसटी जात नव्हती, तिथला देव तिथल्या लोकांनी पाहावा. पुलगावला मात्र जात होती.

"तू हो पुढं," त्या हळूच म्हणाल्या. "मी येतो मांगून."

गाडी वळणापार गेल्यावर त्यांनी खुंटीवरचे टाळ काढले. वाटेत वाजू नयेत म्हणून मध्ये रुमाल घातला, पिशवीत ठेवले, आणि ते शेवटचं कडवं ओठातल्या ओठात म्हणत स्टँडकडे चालू लागल्या.