तालावर हलणारं बोट

मीनलने स्टाफरूमच्या बोर्डवरची चौथी पिन उपटली आणि पोस्टर तिच्या हातात सुटून आलं. घाईघाईने चार घड्या घालून तिने ते युनिफॉर्मच्या खिशात कोंबलं. बाहेर हॉलमध्ये पियानो चालू होता. दर गुरुवारी दोन ते तीन हिलरी यायची आणि लार्चफील्ड वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांसाठी जुनी गाणी वाजवायची. वाजवून झालं की रिकामा कप ठेवायला ती इथेच यायची, आणि या बोर्डसमोर उभी राहून एकूण एक कागद वाचायची.

"आते, ते माझं पोस्टर आहे."

मीनल दचकली. दारात लूझ उभी होती, आजच्या ड्यूटीची नर्स. लूझ फिलिपीन्सची, इलोइलोची. नर्सिंगकडे वळण्याआधी ती तिकडे कॉलेजात साहित्य शिकवायची. मीनलला ती 'आते' म्हणे. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला तसं म्हणतात.

"पिन सैल झाली होती," मीनल म्हणाली.

"चारही?"

मीनलने खिशातून पोस्टर काढून टेबलावर ठेवलं. फिलिपिनो वास्तववादी कथा, समारोप. शनिवार, सकाळी अकरा, लायब्ररीचा हॉल. लूझ स्वतःची कथा वाचतील.

"त्या कथेत तो मंगळवार आहे का गं?"

"आहे."

"सगळा?"

"मला दिसला तेवढा."

पियानो थांबला. बाहेर दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. मीनलने पोस्टर पुन्हा खिशात घातलं, आणि लूझने ते मागितलं नाही.

लूझचे हे वर्ग इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या त्या लायब्ररीत सहा बुधवार चालले होते. मीनल एकही चुकली नव्हती. गोष्ट म्हटली की तिचे पाय आपोआप तिकडे वळत. वडील कीर्तनकार, त्यांच्यामागे झांजा घेऊन उभी राहतच ती मोठी झालेली. आता इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये एकादशीला कीर्तनाला तीच उभी राहायची. पूर्वरंगात थोडं निरूपण, मग बुक्का, हार, आणि उत्तररंगात आख्यान. आख्यान ऐन रंगात आलं की तिचा आवाज असा काही लागायचा की चाळीस वर्षं इथे राहिलेले आजोबासुद्धा डोळे पुसायचे. मात्र शेवटी देव धावून यायचाच. श्रोत्याला रडत घरी पाठवायचं नाही, हा वडिलांचा दंडक होता.

लूझच्या गोष्टींत कोणी धावून येत नसे.

"आधी आमच्याकडच्या मासिकांत गोडगोड गोष्टी असायच्या," पहिल्याच बुधवारी लूझ म्हणाली होती. "गरीब मुलगी, श्रीमंत मुलगा, शेवटी लग्न नाहीतर उपदेश. मग काही लिहिणाऱ्यांना त्याचा कंटाळा आला. त्यांनी कुळाच्या झोपडीत पाहिलं, गोदीतल्या हमालाकडे पाहिलं, मनिलाच्या गटाराकाठच्या वस्तीत पाहिलं. आणि दिसलं तसं लिहिलं. साखर न घालता."

नंतर तिने एका धुणेवालीची गोष्ट सांगितली. मुलगा परदेशी गेलाय, त्याच्या पत्राची ती वाट पाहतेय.

"मग पत्र येतं ना?" मीनलने न राहवून विचारलं होतं.

"नाही."

"मग शेवटी काय होतं?"

"शेवटी ती धुणं वाळत घालते."

सगळे हसले, मीनलही हसली. पण घरी जाताना बसमध्ये तिने मनातल्या मनात त्या बाईला पत्र पोचवलं, तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

आणि तो मंगळवार. नोव्हेंबरातला, दुपारी पावणेतीनचा. चौदा नंबरच्या खोलीत आर्थर, हिलरीचे वडील, शेवटच्या घटका मोजत होते. लूझने मीनलला सांगितलं होतं, हिलरी निघाली आहे, तोवर तू त्यांच्यापाशी बस. मीनल तीन दिवसांच्या रजेवरून त्याच सकाळी कामावर आली होती. आर्थर शांत झोपलेले दिसले. एकादशीचं कीर्तन चार दिवसांवर आलेलं, आख्यानातली एक चाल काही केल्या बसत नव्हती. शेजारची पंधरा नंबरची खोली रिकामी होती. पाच मिनिटं, असं म्हणून ती तिकडे गेली. चाल बसली तेव्हा वीस मिनिटं होऊन गेली होती, आणि चौदा नंबरमध्ये आर्थर नव्हते. देह तेवढा होता.

तासाभराने हिलरी आली. ओला कोट अंगावर तसाच.

"कोणी होतं त्यांच्याजवळ?"

मीनलने तोंड उघडलं, आणि आतून कीर्तनकार बोलून गेली. "मी होते ना. त्यांचा हात माझ्या हातात होता. मी गात होते, आणि त्यांचं बोट चादरीवर तालावर हलत होतं. हलता हलता थांबलं."

हिलरी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली, मग तिने मीनलला मिठी मारली. दारात लूझ औषधांचा ट्रे घेऊन उभी होती. ती तशीच वळून निघून गेली.

त्याला आता चार महिने होत आले. पण दर गुरुवारी हिलरी चहा पिता पिता विचारायची. कुठल्या हाताचं बोट होतं? उजव्या, मीनल सांगायची. चेहरा कसा होता? किंचित हसरा. गुरुवारागणिक आख्यान वाढत चाललं होतं, आणि बुधवारी रात्री मीनलचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. ड्यूटी सोडून गात बसल्याबद्दल नोकरी गेली तर गेली, ते बघून घेता येईल. तिला भीती होती हिलरीच्या चेहऱ्याची.

शनिवारी सकाळी ज्ञानेश्वरने, तिच्या नवऱ्याने, गाडी काढली. मंडळात तिच्या कीर्तनाला तबल्यावर तोच असायचा.

"अहो, नको जाऊ या का?" रिंग रोडला लागल्यावर ती म्हणाली.

"का गं? सहा आठवडे डोकं खाल्लंस माझं, वास्तववाद, वास्तववाद. आता समारोपालाच गैरहजर?"

"डोकं दुखतंय."

"दुखणारच. तुझ्या आख्यानात सगळे तरतात, त्या बाईच्या गोष्टीत कोणी म्हणजे कोणी तरत नाही. मला तर धुणेवालीचं ऐकून दोन दिवस जेवण गेलं नाही."

"दोन्ही दिवस तुम्ही श्रीखंड मागून घेतलंत."

"दुःखात माणूस गोड खातो," ज्ञानेश्वर म्हणाला, आणि त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं. तिने पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

हॉलमध्ये तीसेक खुर्च्या मांडलेल्या होत्या. मीनलने पाऊल टाकलं आणि तिसऱ्या रांगेत तिला हिलरी दिसली. गळ्यात आर्थरचा तपकिरी मफलर. हिलरीने हात हलवला. लायब्ररीच्या काउंटरवर त्याच पोस्टरचा गठ्ठा पडला होता. मीनल सहा बुधवार त्याच्यासमोरूनच गेली होती.

ती तडक लूझकडे गेली.

"हिलरी आली आहे."

लूझने मान वर केली. तिचा चेहरा उतरला. "मला खरंच कल्पना नव्हती, आते."

"ते पान गाळ ना. एवढं एकच."

"ते पान गाळलं तर उरेल काय?" लूझने फाइल उघडली. आत दोन कथा होत्या. "ही दुसरी आहे, माझ्या आईच्या दुकानाची. तू म्हणत असशील तर ही वाचते. तू सांग."

"मी कशी सांगू?"

तेवढ्यात लायब्ररीच्या बाईंनी टाळ्या वाजवून सगळ्यांना बसायला सांगितलं. मीनल ज्ञानेश्वरशेजारी जाऊन बसली. लूझ पुढे उभी राहिली, तिने चष्मा लावला, दोन्ही कथा समोर ठेवल्या आणि चष्म्यावरून मीनलकडे पाहिलं.

हॉल वाट बघत होता. मीनलने हिलरीच्या पाठीकडे पाहिलं. पुढचा गुरुवार तिच्या डोळ्यांपुढे आला, त्याच्या पुढचा आला. आणखी काय काय वाढवायचं राहिलं होतं त्या बोटात? पांडुरंगा, आता तूच बघ, असं मनात म्हणून तिने मान हलवली, आख्यानाला हात घालताना ज्ञानेश्वरला खूण करते तशी, एकदाच, खाली.

लूझने दुकानाची कथा बाजूला ठेवली आणि वाचायला लागली.

कथेत कोणाला नाव नव्हतं. एक म्हातारा, एक सेविका, एक नर्स. खोलीतल्या वस्तू एकेक करून येत होत्या. पाण्याचा स्पंज. उताणा पडलेला चष्मा. खिडकीवरचा ओघळ. भिंतीपलीकडून अगदी पुसट येणारं गाणं. नर्स खोलीत येते, म्हाताऱ्याचा श्वास थांबलेला बघते, घड्याळ बघते. मग लूझने सावकाश वाचलं, "त्याच्या कानांत ऐकण्याची मशिनं नव्हती. दोन दिवसांपासून नव्हती. त्याला ढगांचा गडगडाटही ऐकू आला नसता."

मीनलने त्या दिवशी आर्थरचा चेहरा पुसला होता, केस विंचरले होते, आणि कानांकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

पुढे मुलगी येते. सेविका तिला गाण्याचं आणि बोटाचं सांगते. नर्स दारात उभी राहून ऐकते. तिच्या मनात येतं की बोलावं. मग तिला चौथ्या खोलीतली औषधं आठवतात. ती ट्रे घेऊन निघून जाते.

गोष्ट संपली. टाळ्या जरा उशिरानेच वाजल्या. लूझने वाचलेले कागद गोळा केले. तिने ते फाइलखाली लपवले.

लोक चहाकडे वळले. मीनल खुर्चीतच बसून राहिली. ज्ञानेश्वरने तिच्याकडे पाहिलं, काहीतरी ओळखलं, आणि कोणी न सांगता मागच्या खुर्च्या उचलायला गेला. हिलरी रांगांमधून वाट काढत आली आणि शेजारी बसली. तिने पर्स उघडून एक छोटी राखाडी डबी काढली, मीनलच्या मांडीवर ठेवली. आत कापसावर कानाची दोन मशिनं होती.

"दुरुस्तीला मीच नेली होती," हिलरी म्हणाली. "त्या दिवशी ही माझ्याच कोटात होती."

मीनलला डबीचं झाकण लावता येईना. "म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"त्या दिवशी मला ते बोट हवं होतं." हिलरीने मफलरचं टोक सारखं केलं. "नंतर वाटलं, पुन्हा पुन्हा विचारलं तर कधीतरी तुम्हीच सांगाल. पण तुम्ही तर त्यांना हसायलाही लावलंत."

चहाच्या टेबलाशी कोणीतरी मोठ्याने हसलं. मीनलने पदराने हात पुसले.

"मी शेजारच्या खोलीत होते," ती म्हणाली. "पंधरा नंबरमध्ये. पाच मिनिटं म्हणून गेले आणि वीस मिनिटं राहिले. गात होते."

हिलरी तिच्याकडे वळून बसली.

"आणि दार..." मीनल थांबली. दार उघडं होतं, हे शब्द तिच्या जिभेवर आयते येऊन बसले होते. उघड्या दारातून सूर निघाले असते, चौदा नंबरपर्यंत गेले असते. कान नसले तरी काय झालं, असं पुढचं वाक्यसुद्धा तयार होतं. तिने ती वाक्यं तशीच सोडून दिली. "दार बंद होतं. मीच लावलं होतं. कोणाला त्रास नको म्हणून."

हिलरीने मान डोलावली. डबी परत घेतली, झाकण लावलं, पण पर्समध्ये ठेवली नाही.

"काय गात होतात?"

"आमचं एक. तुम्हाला भाषा कळणार नाही."

"त्यांनाही कळली नसती."

मीनलने वळून पाहिलं. ज्ञानेश्वर हातातली खुर्ची तशीच धरून उभा होता. तीनशे माणसांपुढे न घाबरणाऱ्या मीनलला पट्टी सापडेना. तिने डोळे मिटले आणि शेजारच्या माणसालाच ऐकू जाईल इतक्या हळू सुरुवात केली. पहिली ओळ बेसूर गेली. दुसरी जरा सावरली. तिसऱ्या ओळीला तिने डोळे उघडले, समोरच्या पुस्तकांच्या कपाटावर रोखले, आणि शेवटपर्यंत हिलरीच्या हाताकडे पाहिलं नाही.