चांगुणाचं तोंड
महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्सं झाली असतील तवाची गोष्ट. साखरखेर्ड्याच्या शाळेत डाक्तर येणार म्हणून कोतवालानं पारावर दवंडी देल्ली, "तंबाखू-बिडीवाल्यांनी तोंड तपासून घ्या हो!" आता पारावर बसते कोण? गडीच. आम्ही बाया घरी चुलीपाशी.

माह्यी धाकली जाऊ चांगुणा लय गुणाची, पण चारचौघांत तोंडातून शब्द निघन तर शप्पथ. दीड महिन्यापासून ती भाकर ताकात कुस्करून खाऊन राह्यली होती. म्या पुसलं, "काऊन वं, ठेचा नाही घेत?" तर म्हणे, "गालाले झोंबते, बाई." उष्णता असन म्हणून म्याही सोडून देल्लं.

त्या दिशी मी डाक्तरासाठी चहा घेऊन शाळेत गेली. डाक्तर गड्यांना समजावून सांगत होता, "गालात न भरणारी जखम असली, तिखट झोंबत असलं, तर लपवू नका. कॅन्सर असू शकतो. लवकर कळला तर माणूस वाचतो."

अगं बाई, हा तर चांगुणाचंच सांगून राह्यला! किटली तिथंच ठेवली अन् घरी पळाली. चांगुणा पीठ मळत होती, तशीच पिठाच्या हातानं ओढत आणली.

तिचा नवरा हिंमतराव तिथंच गड्यांत बसला होता. डाक्तरानं त्याले इचारलं, "या तंबाखू खातात का?"

"छे! आमच्या घरच्या बाया तंबाखूले शिवत नाहीत," भाऊजी ऐटीत बोलले. झालं, डाक्तर पुढच्या गड्याकडं वळला.

माह्यं डोस्कंच फिरलं. "अहो भाऊजी, ती रोज मिसरी घासते ते काय साखर हाये? तव्यावर तंबाखूच भाजतो ना आम्ही!" खरं सांगू, मलेही ते बोलता बोलताच उमजलं. मिसरी म्हणजे दात घासणं, एवढंच आम्ही सगळ्या धरून चाललो होतो.

डाक्तर चटकन मागं फिरला. पण चांगुणा तोंडावरचा पदर सोडंना. समोर माह्ये मालक बसलेले, म्हणजे तिचे भासरे. भासऱ्यासमोर तिनं कधी घास घेतला नव्हता, आता आ कसा वासन?

"भिंतीकडं तोंड करा सगळे," म्या म्हणलं. मालक वळले, मंग बाकीचेही मुकाट्यानं वळले.

डाक्तरानं बॅटरी लावून गाल पाह्यला, बोटानं चाचपला. मंग हिंमतरावच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर या."

"डाक्तरसाहेब," चांगुणा बोलली. भासऱ्यादेखत! "तोंड माह्यं हाये. मले सांगा."

डाक्तर थांबला. तिच्यासमोर बसून त्यानं सारं सांगतलं. गाठ असावी, पण लहान हाये. नागपूरले जाऊन तपासावी लागन, काढावी लागन. चांगुणानं डोळे पुसले. "कवा निघाचं?" एवढंच तिनं इचारलं.

ती उठली अन् तिच्या जागी मी बसली. डाक्तरानं माह्या मालकांकडं पाह्यलं, तसं म्याच सांगतलं, "मिसरी घासते. लगन झाल्यापासून. आता माह्यं पाहा."